पडलेला भाव आणि मालकीचा कागद

मार्च २०२२ मधली एक रात्र. साडेदहा वाजून गेले होते. आमच्याच महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आणि पुढे इंग्लंडात नोकरीला लागलेल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. खानापूर तालुक्यातला, शेतकरी घरातला मुलगा. वर्गात पहिल्या बाकावर बसणारा आणि तास संपल्यावरही प्रश्न विचारत दारापर्यंत येणारा. ख्यालीखुशाली झाली आणि मग त्याने अडखळत मूळ विषय काढला.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्या एका दिवसात मॉस्कोचा शेअरबाजार ३३ टक्क्यांनी कोसळला होता. दुसऱ्याच दिवशी या मुलाने आपल्या बचतीतली मोठी रक्कम रशियन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या एका फंडात घातली. टिळकवाडीत आई-वडिलांसाठी घर घ्यायचे म्हणून दोन वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे होते ते. आठवड्याभरात त्या फंडाचे व्यवहार बंद पडले.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, सगळे घाबरून विकायला लागले की आपण घ्यावं म्हणून? मी घेतलं. नुसता भाव पडला असता तर मी थांबलो असतो. पण इथं विकायलाच येत नाही, सर. भावच नाही."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर कदाचित मला बरे वाटले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मंदीत खरेदी करावी, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. ते खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. राहिलेला अर्धा भाग वर्गात सांगायचा राहून गेला, तो या अंकाच्या निमित्ताने सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रश्न केवळ एका मुलाचा असता तर मी तो अंकात आणला नसता. पण आज भारतात राहणाऱ्या माणसालाही रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. परदेशी शेअर घ्यायला दलालाची पायरी चढावी लागत नाही. हातातल्या फोनवर काम होते. तेव्हा "अमुक देशाचा बाजार निम्म्यावर आला आहे, आता घेऊन ठेवा" हा सल्ला आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर पडणारच. त्यातही तेल, वायू, तांबे, लोहखनिज अशा एखाद्या भूगर्भातील संपत्तीवर उभ्या असलेल्या देशांचे बाजार मंदीत फार स्वस्त दिसतात. या स्वस्ताईचा अर्थ काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रशिया दूर वाटत असेल तर घाट उतरून खाली गोव्यात जाऊ. गोव्याच्या खाणपट्ट्यात एकेकाळी सगळा व्यवहार लोहखनिजाभोवती फिरत असे. खनिज वाहणारे ट्रक, मांडवी आणि झुवारी नद्यांतून ते बंदराकडे नेणाऱ्या बार्जी, त्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजे, चालकांना जेवू घालणाऱ्या खाणावळी, ट्रकांसाठी कर्ज देणाऱ्या बँका, असे नाना धंदे. वरवर पाहता ते दहा वेगळे धंदे होते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी बंद झाल्या, तेव्हा कळले की ते दहा धंदे नव्हतेच. तो एकच धंदा दहा नावांनी चालला होता. ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डोंगरातले खनिज त्या दिवशी नाहीसे झाले नव्हते. ते जागच्या जागीच होते. गेली होती ती ते काढण्याची परवानगी. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हाही तेच घडले. खाणी कायद्याप्रमाणे चालाव्यात, हा आग्रह योग्यच होता. त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. मुद्दा एवढाच की भूगर्भातल्या संपत्तीवर विसंबणाऱ्याला दोन धोके असतात. पहिला धोका त्या वस्तूचा भाव पडण्याचा, आणि दुसरा त्या वस्तूवरचा हक्क जाण्याचा. मंदीत खरेदी करा असे सांगणारे शास्त्र पहिल्या धोक्याविषयी बोलते. दुसऱ्याविषयी ते गप्प असते.

आता रशियाकडे वळू. कित्येक वर्षे त्या देशाच्या केंद्रीय अर्थसंकल्पातील उत्पन्नाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग तेल आणि वायू यांतून येत असे. शेअरबाजाराच्या निर्देशांकातही सुमारे निम्मे वजन तेल-वायूच्या कंपन्यांचे. उरलेल्यात धातूंच्या कंपन्या आणि या सर्वांना कर्जे देणाऱ्या बँका. अशा बाजाराचा फंड घेणाऱ्याला वाटते की आपण एका मोठ्या देशाच्या नाना उद्योगांत पैसा विभागून ठेवला आहे. प्रत्यक्षात त्याने एका वस्तूच्या भावावर पैज लावलेली असते. तीही एकदा नव्हे. शेअरमार्फत एकदा, चलनामार्फत दुसऱ्यांदा आणि सरकारच्या तिजोरीमार्फत तिसऱ्यांदा.

आकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल. रशियन बाजाराचा डॉलरमध्ये मोजला जाणारा आर.टी.एस. निर्देशांक १ सप्टेंबर १९९५ रोजी १०० या आधारावर सुरू झाला. ऑक्टोबर १९९७ मध्ये तो ५७१ वर पोचला. मग आशियातील आर्थिक संकट आले, तेलाचे भाव घसरू लागले आणि अल्प मुदतीचे रोखे चढ्या व्याजाने विकून दिवस ढकलणाऱ्या सरकारची कोंडी झाली. १७ ऑगस्ट १९९८ रोजी सरकारने रुबलचे अवमूल्यन आणि देशांतर्गत कर्जाची परतफेड थांबवल्याची घोषणा एकदमच केली. डॉलरला सुमारे ६ रुबल हा दर वर्षअखेरपर्यंत २० च्या पुढे गेला. ऑक्टोबर १९९८ मध्ये निर्देशांक ३८ वर येऊन ठेपला.

येथे थोडे थांबून गणित करावे. निर्देशांक ५७१ वरून २०० वर आला तेव्हा बाजार जवळजवळ दोन तृतीयांशांनी उतरला होता. "आता आणखी काय उतरणार?" असे म्हणून त्या वेळी ज्याने शंभर रुपये घातले, त्याच्या हाती ऑक्टोबरात एकोणीस रुपये उरले. निम्म्याहून अधिक पडलेली वस्तू पुन्हा निम्म्याहून अधिक पडू शकते. हे चौथीतल्या मुलालाही समजणारे गणित आहे, पण बाजारात उतरलेला माणूस नेमके हेच विसरतो. त्याची नजर मागच्या शिखराकडे लागलेली असते, आणि त्या शिखरावरून मोजले की समोरचा प्रत्येक भाव त्याला स्वस्तच वाटतो.

मग मंदीत खरेदी करणारा नेहमीच फसतो काय? तसे मुळीच नाही, आणि दुसरी बाजू लपवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. १९९८ च्या अखेरीस दहा डॉलरच्या आसपास लोळणारे तेल जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरवर गेले. निर्देशांक ३८ वरून चढत चढत १९ मे २००८ रोजी २४९८ वर पोचला, म्हणजे दहा वर्षांत सुमारे पासष्टपट झाला. २०१६ सालीही असेच घडले. आदल्या दोन वर्षांच्या पडझडीनंतर त्या एका वर्षात आर.टी.एस. ५० टक्क्यांहून अधिक वाढला. काळोखात हात घालणाऱ्यांच्या हाती सोने लागले, हे खरेच आहे.

पण पासष्टपटीची ही गोष्ट सांगणारे लोक पुढचे पान उलटत नाहीत. मे २००८ चे शिखर गाठून आठ महिने होतात न होतात तोच निर्देशांक ५०० च्या आसपास आला. ८० टक्के घसरण झाली. त्यानंतर तो पुन्हा सावरला, पण २००८ चे शिखर त्याने आजतागायत पुन्हा पाहिलेले नाही. त्या शिखरापासून निम्म्यावर आल्यावर खरेदी केलेल्या माणसालाही आधी आणखी मोठी घसरण सोसावी लागली. भावाच्या चक्रात वर गेलेले खाली येते आणि खाली आलेले वर जाते, हे सामान्यतः खरे. पण ते किती वर जाईल आणि आपल्या आयुष्यात जाईल की नाही, हे चक्र सांगत नाही.

चलनाची गंमत तर याहून न्यारी. २०१४ च्या जून महिन्यात तेल ११५ डॉलरला होते. वर्षअखेर ते ६० च्या खाली आले. १६ डिसेंबर रोजी रशियाच्या मध्यवर्ती बँकेने रातोरात व्याजाचा मुख्य दर साडेदहा टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर नेला, तरी रुबल सावरेना. त्या वर्षात रुबलमध्ये मोजल्या जाणाऱ्या निर्देशांकात फक्त ७ टक्के घट दिसली, तर डॉलरमध्ये मोजल्या जाणाऱ्या निर्देशांकात ४५ टक्के. कंपन्या त्याच, दिवस तेच, आणि तोट्यांत एवढे अंतर! तेल विकणाऱ्या कंपनीला डॉलर मिळतात, त्यामुळे रुबल स्वस्त झाला की रुबलमधला तिचा हिशेब सावरतो. मॉस्कोतल्या गुंतवणूकदाराला जी घसरगुंडी सौम्य वाटली, ती परक्या मुलखातून पैसे पाठवणाऱ्याला कडा वाटली. परदेशी बाजारात पैसा घालणाऱ्याने नफातोटा आपल्या घरखर्चाच्या चलनात मोजला पाहिजे, हा पाठ येथून घ्यावा.

इथवरचा सारा भाग पहिल्या धोक्याचा, म्हणजे भावाचा. तो धोका कडू असला तरी प्रामाणिक आहे. धीर, वेळ आणि शिल्लक पैसा असलेला माणूस तो सोसू शकतो. दुसरा धोका निराळ्या जातीचा आहे.

युकोस ही एके काळी रशियातील सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांपैकी एक. तिचे प्रमुख मिखाईल खोदोरकोव्स्की यांना २५ ऑक्टोबर २००३ रोजी अटक झाली. कंपनीवर प्रचंड कर-आकारणी झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये तिचा तेल काढणारा मुख्य विभाग लिलावात निघाला. तोवर कोणी नावही न ऐकलेल्या एका कंपनीने तो घेतला आणि काही दिवसांतच ती कंपनी सरकारी मालकीच्या रोझनेफ्टच्या ताब्यात गेली. २००६ मध्ये युकोस दिवाळखोर ठरली. या काळात तेलाचा भाव वाढत होता, रशियाचा निर्देशांकही वाढत होता. विहिरीतून तेल पूर्वीसारखेच येत होते. फक्त ते आता युकोसच्या भागधारकांचे राहिले नव्हते. हेगच्या लवादाने जुलै २०१४ मध्ये मोठ्या भागधारकांच्या बाजूने ५० अब्ज डॉलरचा निवाडा दिला, पण निवाड्याचा कागद हाती असणे वेगळे आणि पैसा हाती पडणे वेगळे.

२०२२ मध्ये हीच गोष्ट साऱ्या बाजाराच्या बाबतीत घडली. २८ फेब्रुवारीला मॉस्कोचा शेअरबाजार बंद राहिला. २४ मार्चला तो अंशतः उघडला तेव्हा परकीयांना विक्रीची मनाई होती. एका बाजूने पाश्चात्त्य देशांचे निर्बंध आणि दुसऱ्या बाजूने रशियाची प्रत्युत्तरे, या दोन जात्यांत सामान्य गुंतवणूकदार भरडला गेला. स्बेरबँक ही रशियातील सर्वांत मोठी बँक. लंडनला मिळणारे तिचे प्रमाणपत्र फेब्रुवारीत कित्येक डॉलरना विकले जात होते, ते २ मार्चला एका सेंटवर आले. जगभरचे फंड ज्यांचे निर्देशांक पाहून चालतात त्या एम.एस.सी.आय. संस्थेने ९ मार्चला रशियन शेअर जवळजवळ शून्य किमतीला आपल्या यादीतून काढून टाकले. आणि तेल? ७ मार्चला ब्रेंट तेलाने १३९ डॉलरला स्पर्श केला होता! ज्या वस्तूच्या भरवशावर लोकांनी हे शेअर घेतले, ती वस्तू तेजीत होती. अंदाज बरोबर ठरला, पैसा गेला.

माझ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले. "रशियाकडे तेल आहे, जगाला तेल लागणारच," हा त्याचा हिशेब चुकला नव्हता. पण तेल रशियाकडे होते. त्याच्याकडे होता तो एक कागद. त्या कागदाला किंमत येते ती कायद्याने, न्यायालयाने आणि राज्यकर्त्यांनी दिलेला शब्द पाळला तर. बाजार फार स्वस्त दिसतो तेव्हा त्या स्वस्ताईत या शब्दाविषयीची शंका आधीच मिसळलेली असते. रशियन शेअर कित्येक वर्षे इतर देशांच्या मानाने निम्म्या किंवा त्याहूनही कमी मोलाने मिळत असत. आम्ही त्याला सवलत समजलो. तो खरे म्हणजे इशारा होता. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण आपल्या आज्ज्या उगाच सांगत नव्हत्या.

यावर कोणी म्हणेल, ही सामान्य माणसाची भाबडी चूक; जाणकार असे फसत नाहीत. मग आपल्याच देशाच्या तेल कंपनीचे उदाहरण घेऊ. ओ.एन.जी.सी. विदेश या सरकारी कंपनीने २००१ मध्ये सखालिन-१ या तेलक्षेत्रात २० टक्के हिस्सा घेतला आणि तो पुष्कळ वर्षे फायद्याचा ठरला. पण सायबेरियातील इम्पीरियल एनर्जी या कंपनीचा सौदा तिने ऑगस्ट २००८ मध्ये, तेल शंभर डॉलरच्या वर असताना ठरवला, आणि जानेवारी २००९ मध्ये तो पुरा केला तेव्हा तेल ४० च्या आसपास आलेले होते. मोजावे लागले सुमारे २.१ अब्ज डॉलर. अपेक्षेइतके तेल निघाले नाही आणि २०११ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या सौद्यावर ठपका ठेवला. पुढे २०२२ नंतर रशियातील तेलक्षेत्रांत भागीदार असलेल्या भारतीय सरकारी कंपन्यांचा लाभांश तेथल्या बँकांतच अडकून पडला. लाभांश जाहीर झाला, खात्यात जमाही झाला, पण घरी आणता येईना. तज्ज्ञ आहेत, सरकार पाठीशी आहे, दोन्ही देशांची मैत्री आहे. तरीही कागद आणि पैसा यांतले अंतर चुकले नाही.

मग करावे काय? एक देश असा आहे की ज्याच्याकडून हे शिकता येईल, आणि तो स्वतःच तेलावर जगणारा आहे. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी उभारला. १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. या निधीचा नियम असा की त्याने पैसा देशाबाहेरच गुंतवायचा. ज्याचे पोट आधीच तेलावर आहे, त्याने बचतही तेलावर ठेवू नये, हे या नियमातले शहाणपण. २००८ च्या मंदीत या निधीला २३ टक्के तोटा झाला. तरी शेअरांचा वाटा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर न्यायचा हे आधीच ठरलेले असल्याने तो ऐन पडझडीत खरेदी करत राहिला, आणि २००९ मध्ये त्याने २५ टक्क्यांहून अधिक कमावले. मंदीत खरेदी करावी, हे तत्त्व येथे सोळा आणे खरे ठरले. कारण तो पैसा लगेच लागणारा नव्हता आणि तो जगभर विखुरलेला होता.

विशेष म्हणजे हा निधीही २०२२ मध्ये रशियात अडकला. २०२१ अखेर त्याच्याकडे सुमारे २५ अब्ज क्रोनरचे रशियन शेअर होते आणि विकून टाकायचे ठरवूनही ते विकता येईनात. पण निधीच्या एकूण रकमेच्या मानाने तो हिस्सा टक्क्याच्या चौथाईएवढाही नव्हता. म्हणून नॉर्वेची ती फक्त नोंद झाली. माझ्या विद्यार्थ्याचे घर राहिले. चूक दोघांची एकच होती, फरक प्रमाणाचा होता.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, कोणी तुम्हांला एखाद्या खनिजसमृद्ध देशाचा पडलेला बाजार दाखवील, तेव्हा पळून जाऊ नका आणि उडीही मारू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा पैसा दहा वर्षे मिळाला नाही तर माझ्या घरातले कोणते काम अडेल? एखादे जरी काम अडत असेल तर तो पैसा या बाजाराचा नाही. दुसरा प्रश्न, हा बाजार सावरायचा तर कोणत्या एका वस्तूचा भाव वाढावा लागेल, आणि माझी नोकरी, माझे गाव, माझी इतर बचत त्याच वस्तूवर तर उभी नाही ना? आणि तिसरा, जो मी आजवर वर्गात विचारला नाही: त्या वस्तूचा भाव वाढला, माझा अंदाज अगदी बरोबर ठरला, तरी तो पैसा माझ्यापर्यंत येऊ द्यायचा की नाही हे कोणाच्या हातात आहे?

आणि माझ्या सहकारी प्राध्यापकांना एक विनंती. आपण अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठा शिकवतो आणि राज्यशास्त्राच्या तासाला कायद्याचे राज्य. मधली भिंत आपणच घातली आहे. भागधारकाच्या हातातला कागद या दोन्ही तासांच्या मधोमध असतो, हे मुलांना एकदा तरी दाखवले पाहिजे.

तो विद्यार्थी गेल्या वर्षी सुट्टीत भेटून गेला. फंडाच्या पत्रकावर त्याच्या नावापुढे अजूनही शून्याच्या जवळपासचा आकडा येतो. त्याने पुन्हा बचत सुरू केली आहे. आई-वडील अजून खानापूरच्या जुन्या घरातच आहेत. निघताना तो हसून म्हणाला, "सर, फी जरा जास्त पडली, पण धडा पक्का झाला." मी मान डोलावली. पण धडा शिकवायचे काम माझे होते आणि फी त्याने भरली, हे मनातून जात नाही. पुढच्या मुलांना तरी ती भरावी लागू नये.